उद्देशाचा रकाना

बँकेच्या कर्जअर्जात एक रकाना असायचा : ‘कर्जाचा उद्देश’. १९८३ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो, सदतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी कर्जविभागात काढली. त्या रकान्यात लिहिलेलं सहसा खोटं नसतं आणि सहसा पुरतं खरंही नसतं, हे पहिल्याच वर्षी कळलं. ‘म्हैस खरेदी’ असं लिहून उचललेल्या पैशात मुलीचं लग्न पार पडे. आम्ही तपासणीला गेलो की गोठ्यात म्हैस हजर असे. पुढच्या आठवड्यात तीच म्हैस शेजारच्या गोठ्यात भेटे आणि ओळखीचं माणूस दिसल्यासारखी आमच्याकडे बघे. तो शेतकरी लबाड होता असं मला कधी वाटलं नाही. लग्नाला कर्ज मिळत नाही आणि म्हशीला मिळतं, एवढंच त्याला कळलेलं होतं. खोटं बोलायला त्याला तो रकानाच शिकवत होता.

हल्ली हा रकाना मला घराघरांत दिसतो. मुलगा किंवा मुलगी दहावी पास होते आणि घरात विषय निघतो, ‘लॅपटॉप पाहिजे.’ ‘कशाला?’ ‘अभ्यासाला.’ अभ्यासाबरोबर त्यावर गेमही खेळला जाणार, हे मागणाऱ्याला ठाऊक असतं आणि देणाऱ्यालाही. पण दोघंही तो शब्द उच्चारत नाहीत. मग हा न बोललेला शब्द बिलात निघतो. ‘अभ्यास’ शब्दशः घेणारे वडील सोळा-सतरा हजारांचं, ४ जीबी रॅमचं आणि ६४ जीबी साठवणीचं एक गोंडस खेळणं घेऊन येतात. वर्षाच्या आत त्यावर विंडोजची अपडेट उतरवायला जागा उरत नाही, चार खिडक्या उघडल्या की ते धापा टाकतं, आणि पोरगं गुपचूप पुन्हा मोबाइलकडे वळतं. याच्या उलट टोकाला हौशी घरं. दुकानदारानं ‘गेमिंग’ म्हटलं की सत्तर-ऐंशी हजार मोजून ती स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचं सव्वादोन किलोचं धूड उचलतात. दप्तरात ते जड, बॅटरी दोन-तीन तासांची, पंखा गिरणीसारखा. आणि मुलगा त्यावर खेळतो काय, तर ईए स्पोर्ट्‌सचं ‘क्रिकेट ०७’, जे २००६ साली निघालं आणि आजोबांच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चाललं असतं.

वास्तविक आपल्या कोल्हापुरात तरी खेळाची लाज वाटायला नको. ज्या शाहू महाराजांनी १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक बोर्डिंगं उभी केली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं, त्यांनीच १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेतलं. एकाच खजिन्यातून वसतिगृहही आणि कुस्तीचा आखाडाही. आज शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की निम्म्या पेठा ओस पडतात, आणि त्याबद्दल कुणी कुणाची माफी मागत नाही. मात्र तीच पोरं संध्याकाळी पडद्यावर फुटबॉल खेळायला बसली की घरात ‘वाया चाललंय पोरगं’ सुरू होतं. पडद्यावरच्या खेळाचे सगळे दोष मला मान्य आहेत. तासन्‌तास जातात, डोळे जातात, पाठ जाते. पण ज्या गोष्टीचं नावच घ्यायचं नाही, तिला वेळेची मर्यादा तरी कशी घालणार?

या संक्रांतीच्या सुमारास आमचे एक शेजारी संध्याकाळी घरी आले. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर म्हणून त्यांची पंचवीस वर्षं झाली. मुलगी अकरावी शास्त्रला. हातात दुकानाचं रंगीत पत्रक.

“साहेब, तुम्ही बँकेत होता. हे जरा बघता काय? बिनव्याजी हाय म्हणतोय.”

पत्रकावर नवा लॅपटॉप होता, किंमत ४२,००० रुपये. त्याखाली मोठ्या अक्षरांत ‘नो कॉस्ट ईएमआय, महिना फक्त ३,५००, बारा हप्ते’. त्यांच्याकडे भिशीचे तीस हजार आलेले होते. बाकीचं कसं जमवायचं हा त्यांचा प्रश्न नव्हता. बिनव्याजी मिळत असेल तर भिशी मोडायचीच कशाला, हा होता.

आता हा माझ्या धंद्यातला विषय. पैसा फुकट कुणी देत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वातच नाही, व्याज कुठंतरी प्रोसेसिंग फीमध्ये वगैरे लपवलेलं असतं, असं बजावलं आणि बँकांना तसल्या योजना बंद करायला लावल्या. त्यानंतर ‘झीरो’ची ‘नो कॉस्ट’ झाली. पद्धत अशी : वर्षाला १५ टक्के दर धरला तर महिना ३,५०० चे बारा हप्ते म्हणजे प्रत्यक्षात ३८,७७७ रुपयांचं कर्ज आणि ३,२२३ रुपये व्याज. दुकानदार किंवा कंपनी व्याजाएवढी सूट देते आणि बँक तेवढंच व्याज घेते, म्हणून तुमची बेरीज ४२,००० च राहते. फक्त त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, सुमारे ५८० रुपये, तुमच्या माथी. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरही जीएसटी. हे आठशे-हजार रुपये काही मोठे नव्हेत. मोठी गोष्ट वेगळीच आहे. हप्त्यानं घेणाऱ्यासाठी जो माणूस सव्वातीन हजारांची सूट सोसायला तयार आहे, तो रोख मोजणाऱ्यालाही ती देऊ शकतो. ती मागावी लागते, इतकंच.

हे ऐकून ते बराच वेळ पत्रकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे कास्टिंगच्या भावात वाळूचं पण वजन धरलंय म्हणा की.”

मी म्हटलं, पैशाचं झालं. आता मुलीला बोलवा. अर्जदाराला न भेटता कर्ज मंजूर करायची मला सवय नाही. ती आली, आईही आली. मी नेहमीचा प्रश्न विचारला : उद्देश काय? उत्तर पाठ केलेलं होतं. पीडीएफ नोट्‌स, यूट्यूबवरची लेक्चरं, प्रोजेक्ट, सीईटीची तयारी. यात खोटं काही नव्हतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवरच होते. ज्यानं कधी पडद्यावर गणितं सोडवली नाहीत तो तिथं पहिली दहा मिनिटं चाचपडण्यात घालवतो. मी लिहून घेतलं आणि विचारलं, “आणि खेळायला?”

तिनं आईकडे बघितलं. आईनं चहाच्या कपाकडे. “बाळ,” मी म्हटलं, “हे विचारतोय ते रागवायला नव्हे. कुठला गेम ते कळल्याशिवाय यंत्र निवडता येत नाही.”

“मी माइनक्राफ्ट खेळतो, आजोबा. पप्पांच्या मोबाइलवर. रात्री.”

(पुण्याकडच्या वाचकांसाठी : आमच्याकडे मुली ‘मी खेळतो’च म्हणतात.)

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. टीव्हीवर रमीच्या जाहिराती बघून बघून तिनं गेम म्हणजे जुगार असंच धरलेलं होतं. तसे पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे; त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा खेळ आहे. खणायचं, माल काढायचा, घरं-पूल-यंत्रं बांधायची. २०११ साली तो पूर्ण स्वरूपात आला, २०१४ साली मायक्रोसॉफ्टनं त्याची स्वीडनमधली कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींवर प्रती खपल्या. मला त्यातलं खेळता काही येत नाही. पण बँकवाल्याला आकडा कळतो.

हा एक शब्द बाहेर पडला आणि पुढचं काम सोपं झालं. माइनक्राफ्ट, साधा फुटबॉल, क्रिकेट, फार तर ‘व्हॅलोरंट’, यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागत नाही. म्हणजे साठ-सत्तर हजारांच्या वरचं सगळं दुकान आपल्यासाठी बंद. ज्या मुलांचा जीव मोबाइलवरच्या बीजीएमआयमध्ये अडकलाय, त्यांच्यासाठी तर महागडा लॅपटॉप व्यर्थच, कारण तो गेम मोबाइलसाठीच बनवलेला आहे. उलट ४ जीबीचं खेळणंही बाद, कारण त्यावर माइनक्राफ्ट रडतखडत चालेल आणि ते चालू असताना दुसरं काही चालणार नाही. राहिला मधला पट्टा.

या पट्ट्यात काय बघायचं ते सांगतो, कारण पत्रकात नेमकं तेच बारीक अक्षरांत असतं. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको, १६ मिळाली तर उत्तम. आणि ती दोन पट्ट्यांत विभागलेली असावी. स्वतंत्र ग्राफिक्स नसलेलं यंत्र चित्रं रंगवायला मुख्य रॅममधूनच उसनवारी करतं; दोन पट्ट्या असल्या की माल दोन दारांनी येतो आणि गेम अडखळत नाही. एकच पट्टी असेल तर दुसरीची खाच मोकळी आहे का ते विचारा. पुष्कळ स्वस्त लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डाला डाग देऊन कायमची बसवलेली असते, पुढं वाढवता येत नाही. साठवणीला एसएसडीच हवी, २५६ जीबी कमीत कमी, ५१२ असली तर प्रश्नच मिटला.

प्रोसेसरच्या नावात मात्र गंमत आहे. चेकवरच्या आकड्यांसारखे ते वाचता यावे लागतात. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत, जी २०२३ च्या सुमारास बाजारात आली, पहिला आकडा वर्षाचा, पण आतलं इंजिन कुठल्या पिढीचं ते सांगतो तिसरा आकडा. ‘७५२०यू’ मधला २ म्हणजे २०१९ सालची झेन-२ बनावट. ‘७५३०यू’ मधला ३ म्हणजे त्यापुढची झेन-३. वरवर दहाचा फरक, आत एका पिढीचा. इंटेलमध्ये ‘आय-५’ या नावाला भुलू नये, त्यामागचा आकडा बघावा. ८३५० म्हणजे आठवी पिढी, १०२१० म्हणजे दहावी, १२३५ म्हणजे बारावी. बारावीचा आय-३ हा सहावीच्या आय-५ ला सहज मागं टाकतो.

हे सगळं चालू असताना मुलीची आई, जी तोवर गप्प होती, म्हणाली, “पण ही यंत्रं दिल्यानं पोरं शिकतात काय हो?”

प्रश्न नेमका होता. आणि त्याचं उत्तर शोधायला आपल्या राज्याबाहेर जायचीही गरज नाही. २००५ साली अमेरिकेतल्या निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी जगातल्या प्रत्येक गरीब मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप, अशी घोषणा केली. आपल्या केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं २००६ साली नकार दिला. तरी २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला तो रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्यावर. एकशिक्षकी शाळा, वीसेक मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात हिरवं-पांढरं टणक यंत्र. त्याची किंमत शंभरवर थांबली नव्हती, १८८ डॉलरवर गेली होती. एक गोष्ट मात्र बनवणाऱ्यांनी शहाणपणाची केली होती : खेळ, चित्रकला, संगीत, कॅमेरा हे त्यांनी चोरून नव्हे, मुद्दाम घातलेलं होतं. पेरू देशानं अशी आठ लाखांहून जास्त यंत्रं वाटली. २०१२ साली तिथल्या ग्रामीण शाळांची शास्त्रशुद्ध पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. सर्वसाधारण विचारशक्तीच्या चाचण्यांत थोडा दिसला. २०११ मध्ये आपल्या सरकारनं ‘आकाश’ नावाचा टॅबलेट आणला. सव्वादोन हजारांच्या आसपास किंमत, रॅम २५६ एमबी. त्याचं पुढं काय झालं ते जाणकारांना आठवत असेल.

मी वहिनींना खरं ते सांगितलं. नुसतं यंत्र आणून मुलं शिकत नाहीत. शिकवणारं कुणी असलं, विचारणारं कुणी असलं, तर यंत्राचा हात लागतो. पण मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर रात्री पांघरुणात गणित बघण्यापेक्षा बाहेरच्या खोलीत टेबलावर बघणं बरं, आणि गेमचंही तेच. त्यांनी लगेच अट घातली : लॅपटॉप बाहेरच्या खोलीतच राहील. मुलीनं मान्य केली. कर्जविभागात असताना इतक्या लवकर तारण ठरलेलं मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं राजारामपुरीत गेलो. तीस हजारांत नवं काय मिळतं ते बघितलं आणि मन खट्टू झालं. याला एक जागतिक कारण आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती जगभर चढल्या; कृत्रिम बुद्धिमत्तेची अवाढव्य डेटा सेंटर बांधणाऱ्यांनी माल उचलायला सुरुवात केली. मायक्रॉनसारख्या मोठ्या उत्पादकानं डिसेंबर २०२५ मध्ये तर घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात कुणीतरी यंत्राला कविता करायला शिकवतोय आणि त्याचा भुर्दंड उद्यमनगरातल्या मोल्डरला.

तेव्हा जुन्या मालाकडे वळलो. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठी घेतलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी घाऊक काढून टाकतात; ते साफ करून, तपासून विकले जातात. दुकानदार त्यांना रिफर्बिश्ड म्हणतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यातली नावं. घरगुती स्वस्त लॅपटॉपपेक्षा यांचा बांधा मजबूत, कीबोर्ड उत्तम, आणि रॅम बहुतेकांत बदलता येते. धोका दोन ठिकाणी. विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढंच चालतं. सहावी-सातवी पिढी कितीही स्वस्तात गळ्यात मारली तरी घेऊ नये. दुसरा धोका बॅटरीचा. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देतं, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी असते. दुकानदाराला तो समोर काढायला लावावा. निम्म्यावर आलेली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा.

हे मी सांगत होतो, पण परीक्षा घेतली ती मोल्डरनं. उद्यमनगरात जुन्या लेथवर किती कारखाने उभे राहिलेत ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांनी लॅपटॉप उघडला, मिटला, पुन्हा अर्धाच उघडून सोडला आणि पडदा जागेवर राहतो का ते बघितलं. “बिजागरीत प्ले नाही.” मग पालथा करून स्क्रूच्या खाचा नखानं तपासल्या, कुणी घाईनं उघडला असेल तर खाचा झिजलेल्या असतात. दहा मिनिटं व्हिडिओ लावून कान पंख्याला लावला. चार्जरची पिन हलवून बघितली. मुलगी तेवढ्यात एकेक की दाबून जात होती. दुकानदार म्हणाला, “मामा, घ्या की ओ, लग्नाचा मुलगा बघायलाय काय!”

ठरला तो आठव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम दोन पट्ट्यांत, २५६ जीबी एसएसडी, चौदा इंची फुल एचडी पडदा. सांगितले २४,०००, रोख म्हणून तुटले २२,५०० ला, सहा महिन्यांची दुकानाची लेखी वॉरंटी बिलावर लिहून घेऊन. ‘तोंडी काय, आपलीच माणसं’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराला मी हसून पेन पुढं केलं. उरलेल्यातून पाचशेचा माउस, कारण माइनक्राफ्ट टचपॅडवर खेळणं म्हणजे चमच्यानं विहीर खणणं, असं मुलीनंच सांगितलं. शब्दलेखनाला लिब्रेऑफिस मोफत उतरवलं. मराठीसाठी विंडोजमधलाच इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला. तो एकदा बोटांत बसला की कुठल्याही यंत्रावर चालतो. गेम विकत घेऊनही पाच हजारांवर भिशी शिल्लक राहिली. ती त्यांनी बॅटरीसाठी बाजूला ठेवली.

आठ-दहा दिवसांनी वॉरंटीचा कागद नीट ठेवलाय का ते बघायला त्यांच्याकडे गेलो होतो. टेबलावर रसायनशास्त्राची वही उघडी होती, पण पडद्यावर ठोकळ्यांची भट्टी पेटलेली होती. शेजारी खुर्ची ओढून वडील बसलेले, कामावरचे कपडे तसेच.

“लोखंड वितळवायलीस? कोळसा किती लागतो?”

“एका कोळशात आठ, पप्पा.”

ते जरा थांबले. “एकास आठ,” ते माझ्याकडे बघत म्हणाले, “क्युपोला होता तेव्हा आमचा पण साधारण एवढाच पडायचा की ओ.” मग खुर्ची आणखी पुढं सरकवून त्यांनी मुलीला विचारलं, “आणि वाळू कुठं मिळते यात?”